दोन मशिनं आणि ताईचं रक्त

नवं मशीन खोक्यातून बाहेर यायच्या आधीच धाकटीला त्याचा राग आला होता. हमालांनी ते ढकलत प्रयोगशाळेत आणलं, दाराच्या चौकटीचा रंग खरवडला, आणि मागून साहेब म्हणाले, "सांभाळून हं, नाजूक आहे." नाजूक आहे तर घरी नेऊन कपाटात ठेवा, धाकटी मनात म्हणाली. इतकी वर्षं जुन्या मशीनचं दुखणंखुपणं तिनं काढलं होतं. ते कधी रुसतं, त्याच्या कोणत्या आवाजाला घाबरायचं, कोणत्याकडे काणाडोळा करायचा, सगळं तिला तोंडपाठ. नवं घेताना साहेबांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. आणि वर काय म्हणाले, "दोन्हींची तुलना तुम्हीच करा. तुमच्याइतकं काटेकोर कोण आहे इथं?" म्हणजे लग्न ठरवताना विचारायचं नाही, आणि कार्यात राबायला मात्र हीच.

धाकटी ती घरातली. रुग्णालयाच्या या प्रयोगशाळेत ती हार्मोन विभागाची प्रमुख होती, पन्नाशीला टेकलेली, आणि हाताखालचे लोक तिला पाठीमागे आकडेबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. वाईट वाटण्याऐवजी आत कुठेतरी बरंच वाटायचं. माणसं वाट्टेल ते सांगतात, आकडा सांगत नाही, असं तिचं मत होतं, आणि ते मत ती कुणी विचारलं नाही तरी देत असे.

विभागात सगळ्यात जास्त येणारी तपासणी टीएसएचची. नव्यानं कामाला लागलेल्यांना धाकटी ती एकाच पद्धतीनं समजावायची. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुस्तावली की मेंदू तिला हाका मारतो. ती ऐकेना झाली की आवाज चढवतो. टीएसएच म्हणजे तो चढलेला आवाज. आकडा मोठा, म्हणजे ग्रंथी झोपलीय, गोळ्या द्या. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे ग्रंथी उधळलीय, नाहीतर माणसाच्या पोटात गोळ्या फार चालल्यात, मेंदूला हाक मारायची गरजच उरलेली नाही. "यात न समजण्यासारखं काय आहे?" असं ती शेवटी विचारायची, आणि समोरचा माणूस समजलं म्हणून मान हलवायचा, कारण नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

घरी मात्र अशी एक जण होती, जिची छाती नाही म्हणायला कधीच कमी पडली नाही. ती थोरली बहीण, ताई.

दोघींनी लग्नं केली नाहीत. आई होती तोवर आई मध्ये बसायची आणि दोघींचं भांडण आपल्या अंगावर घ्यायची. आई गेल्याला दोन वर्षं होत आली होती. शेवटच्या वर्षात आई सारखी म्हणायची, छातीत भरून येतं, जीव घाबरतो. धाकटी दर वेळी तिचं रक्त काढून घेऊन जायची आणि संध्याकाळी कागद आणून वाचून दाखवायची. सगळं नॉर्मल आहे आई, उगाच घाबरतेस. एकदा दुपारी आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. त्या दिवसापासून ताईनं धाकटीशी सरळ बोलणं सोडलं. दूध नासलं की म्हणायची, "नासलं कसं, रिपोर्ट तर नॉर्मल असेल." नळाला पाणी नाही, दिवा लागत नाही, काहीही होवो, तेच वाक्य. धाकटी दात आवळून ऐकायची.

ताई एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळायची. लशींची चाचणी करायला तिथं हजारांनी उंदीर पाळलेले. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पिल्लं वेगळी करणं, सुई टोचताना उंदराला मानेशी धरून ठेवणं, हे ताईचं काम. तिची बोटं चाव्यांनी भरलेली असत. गल्लीत तिला उंदीरवाली म्हणत आणि ती म्हणायची, "माणसांपेक्षा बरे. चावतात ते समोरून."

आई गेल्यावर महिन्याभरात धाकटीनं ताईचं रक्त तपासलं होतं. थकतेस सारखी, बघू तरी. टीएसएच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली, रोज सकाळी उपाशीपोटी. दोन महिन्यांनी पाहिलं तर आकडा तसाच. गोळी वाढवली. तरी तसाच. पन्नासची शंभर झाली, शंभरची दीडशे. डॉक्टर ओळखीचे, रुग्णालयातलेच. ताई त्यांच्याकडे जायला तयार नसायची, मग धाकटी फोनवर आकडा सांगायची आणि डॉक्टर फोनवर गोळी सांगायचे. त्या दोन वर्षांत ताईला समोर बसवून कुणी बघितलंच नाही.

आणि ताई वाळत चालली. गालफडं बसली, हात थरथरायला लागले, कपबशीचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू यायचा. झोप उडाली. बसल्या जागी घाम फुटायचा आणि पंखा लावला की धाकटी थंडीनं कुडकुडायची, त्यावरून भांडण. आणि राग तर असा की विचारू नका. एकदा ताटच भिरकावलं. पुढे तिनं स्वयंपाकघर वाटून घेतलं, वरची फळी तुझी, खालची माझी, माझ्या भांड्याला हात लावलास तर बघ. धाकटी म्हणायची, सुस्त थायरॉइडनं माणूस वाळत नाही, सुजतो. म्हणजे हे थायरॉइडचं नाही, हा स्वभाव आहे. आकडा खाली येत नाही याचाही तिनं अर्थ लावून ठेवला होता. ताई गोळ्या चुकवते.

"चुकवत नाही," ताई म्हणाली होती.

"मग आकडा कसा वाढतो?"

"तुझ्या आकड्याला विचार. माझ्याशी कशाला बोलतेस?"

तेव्हापासून धाकटी रोज सकाळी टेबलाशी समोर बसायची आणि ताई गोळी गिळते की नाही ते डोळ्यांनी बघायची. ताई पाण्याचा घोट घ्यायची, मान मागे टाकायची, आणि मग जीभ बाहेर काढून दाखवायची, शाळेतल्या पोरीसारखी. "गिळली. उचलून बघ जिभेखाली, विश्वास नसेल तर." दोन पन्नाशीच्या बायका रोज सकाळी हा तमाशा करत होत्या आणि दोघींनाही त्याची लाज वाटेनाशी झाली होती.

ताईनं संस्थेच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी असलेली खोली मागितली होती आणि ती मंजूरही झाली होती. फक्त होकार कळवायचा बाकी होता. ताई रोज म्हणायची, आज कळवते. कळवत नव्हती. धाकटी कितीही तोऱ्यात असली तरी ही एक गोष्ट तिला भेडसावायची. ताई गेली तर या घरात बोलायला काय, भांडायलाही कुणी उरणार नव्हतं. पण राहा म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

तर अशा घरातून निघून धाकटी त्या सोमवारी नव्या मशीनची तुलना करायला बसली. यात रीत अशी असते. तोच नमुना दोन्ही मशिनांवर लावायचा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. नमुने सगळ्या तऱ्हेचे लागतात, कमी टीएसएचचे, मधले आणि जास्तीचे. मधले पोत्यानं मिळतात. जास्तीचे मिळता मिळत नाहीत, आणि ते नसले तर तुलना लंगडी. धाकटीला मात्र त्याची चिंता नव्हती. हमखास जास्त टीएसएच असलेलं रक्त तिच्या घरातच होतं.

तिनं सकाळी गोळीच्या आधी विषय काढला होता. "एक नळी रक्त हवं होतं. कामासाठी."

"रोज पितेस ते पुरत नाही का?" ताई म्हणाली, पण बाही वर केली. सुई शिरताना ती तोंड फिरवून बसली. "घे. आईचंही असंच नळी नळी घेतलंस."

धाकटीनं कापूस दाबला.

दुपारी आकडे आले. कमीचे जुळले, मधले थोड्या फरकानं जुळले, जास्तीचे दोन-तीन होते तेही जुळले. ताईचा नमुना जुन्या मशीनवर चौदाच्या घरात, नेहमीसारखा. नव्या मशीनवर जवळजवळ शून्य.

धाकटीनं आधी नळ्यांची अदलाबदल झाली का ते पाहिलं. नव्हती झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आणि मग, खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. दोन वर्षं ज्या रक्तात टीएसएच ओसंडून वाहतंय, ते या नाजूकरावांना दिसतच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? ती कागद घेऊन तरातरा साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब पॅथॉलॉजिस्ट, तिच्याहून वयानं लहान, शांत आणि खवचट. धाकटीच्या मते खवचटपणा जास्त.

"तुमचं मशीन आंधळं आहे," ती म्हणाली. "जास्तीचा नमुना शून्य दाखवतंय. मी सही करणार नाही."

साहेबांनी कागद पाहिला. "बाकीचे जास्तीचे तर बरोबर दाखवलेत."

"एक चुकलं म्हणजे चुकलंच ना?"

"चुकलंय खरं. पण कुणाचं चुकलंय?" साहेबांनी चष्मा काढला. "नमुना पातळ करून बघितलात?"

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे तिला सुचायला हवं होतं आणि यानं सांगितलं. "आता करते," ती म्हणाली. "मग बोलू."

पातळ करून बघायचं म्हणजे सोपं असतं. रक्तातलं पाणी, ज्याला सीरम म्हणतात, त्यात हार्मोन नसलेला द्रव तितकाच मिसळायचा. खरं टीएसएच असेल तर आकडा निम्म्यावर येतो. चौपट पातळ केलं तर पाव होतो. यात गडबड होऊ शकत नाही. धाकटीनं जुन्या मशीनवर पातळ केलेले नमुने लावले आणि फासावर जाणारा साहेब डोळ्यांपुढे आणत उभी राहिली. निम्म्याला सात यायला हवे होते. आले दोन. चौपट पातळ केलेल्यात तर काही उरलंच नाही.

ती स्टुलावर बसली. जुन्या मशीनचा पंखा घरघरत होता, तिच्या ओळखीचा आवाज, ज्याला घाबरायचं नसतं असा.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "पेशंट काय काम करतो?"

"करते," धाकटी म्हणाली. "उंदीर सांभाळते."

पुढचं साहेबांनी तिला समजावायची गरज नव्हती. ही तपासणी ज्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटीबॉडींच्या, जोरावर चालते, ती उंदरांपासून बनवलेली असतात. एक प्रतिपिंड हार्मोनला एका बाजूनं धरतं, दुसरं दुसऱ्या बाजूनं, आणि अशा जोड्या मशीन मोजतं. जो माणूस वर्षानुवर्षं उंदरांत वावरतो, त्यांचे चावे खातो, त्याच्या रक्तात उंदराच्या प्रतिपिंडांना पकडणारं काहीतरी तयार होऊ शकतं. मग मध्ये हार्मोन असो नसो, ते दोघांना एकत्र बांधून टाकतं, आणि मशीन बिचारं मोजत राहतं. नव्या मशीनच्या औषधात यावर उतारा जास्त घातलेला होता. जुन्यात होता, पण ताईसारखीला पुरणारा नव्हता. हे सगळं धाकटी दर वर्षी नव्या लोकांना शिकवायची. फळ्यावर चित्र काढून शिकवायची. आणि संध्याकाळी उंदीरवालीच्या शेजारी बसून जेवायची.

"त्यांना गोळ्या चालू आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"किती?"

धाकटीनं सांगितलं. साहेबांचा चेहरा बदलला. "मग त्यांना जितका त्रास होतोय तो सगळा गोळ्यांचा असणार. थायरॉइडला कदाचित कधी काही झालेलंच नव्हतं. आजच कळवा."

"आधी खात्री करते," धाकटी म्हणाली. "बाहेरच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या पद्धतीनं तपासून घेते. थायरॉइडची स्वतःची हार्मोनंही बघते. एका आकड्यावरून कसं सांगणार?"

"खात्री करा हो. पण फोन आज करा."

ती हो म्हणाली. नमुना बाहेर पाठवला आणि फोन केला नाही.

का केला नाही, याची कारणं तिच्याकडे होती. पक्कं झाल्याशिवाय प्रयोगशाळेतून शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा नियम तिनंच घालून दिला होता आणि त्यावरून कितीतरी जणांना रडवलं होतं. उद्या तिसरी पद्धत वेगळंच म्हणाली तर? ताई तर आयुष्यभर टोचेल. दोन वर्षं गोळ्या घातल्या, वर चुकवतेस म्हणून पाळत ठेवली, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. हे सांगायचं तर हातात भक्कम काहीतरी हवं. आणि सगळ्या कारणांच्या खाली खरं कारण होतं, ते म्हणजे ती घाबरली होती. ताईच्या तोंडाला घाबरली होती.

मंगळवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे टेबलाशी बसली. न बसती तर ताईला संशय आला असता. ताईनं गोळी डबीतून काढली, थरथरत्या हातातून ती टेबलावर पडली, ताईनं ती बोटानं पुढे ओढून घेतली आणि तोंडात टाकली. घोट घेतला. जीभ दाखवली.

"बघितलंस? लिही तुझ्या वहीत."

"ठीक आहे," धाकटी म्हणाली.

बुधवारी तेच. गुरुवारी ताईची रात्रभर झोप झाली नव्हती, डोळे खोल गेलेले, मानेवरची शीर फडफडताना लांबून दिसत होती. धाकटीला वाटलं, आता सांगावं. बाहेरून कळवलं होतं, संध्याकाळपर्यंत नाहीतर उद्या निकाल देतो. एवढं थांबलो तर आणखी एक दिवस, तिनं स्वतःला सांगितलं. ताईनं गोळी गिळली. जीभ दाखवायचा त्या दिवशी तिला कंटाळा आला असावा, ती तशीच उठून गेली.

शुक्रवारी दुपारी निकाल आला. तिसऱ्या पद्धतीचं टीएसएच शून्याजवळ, नव्या मशीनसारखंच. थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. धाकटीनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, एकही गोळी देऊ नका आता, आणि उद्या त्यांना घेऊन या, हृदय तपासू.

संध्याकाळी तिनं ताईला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. मशीन, उंदीर, प्रतिपिंडं, सगळं सांगितलं. फक्त कधी कळलं ते नाही. ताईनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, याचंच धाकटीला भय वाटलं.

"म्हणजे मला कधी काही नव्हतंच?" ताईनं शेवटी विचारलं.

"नसावं. आत्ता तरी तसं दिसतंय."

"आणि मी गोळ्या चुकवत नव्हते."

"नाही."

ताई मोठ्यानं हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. मग तिनं गोळ्यांची डबी उचलली, खिडकी उघडली, आणि बाहेर न टाकता परत टेबलावर ठेवली. "तुझ्या वरच्या फळीवर ठेव," म्हणाली, "तुझ्याच आहेत." आणि झोपायला गेली.

त्या रात्री धाकटीच्या डोक्यात एक गोष्ट शिरली आणि ती काही केल्या जाईना. गोळ्या जास्त झाल्या की काय होतं? माणूस वाळतो, थरथरतो, झोप जाते. आणि चिडतो. कशावरूनही चिडतो, ताटं फेकतो. पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणजे दोन वर्षं जे या घरात चाललं होतं, ती ताई नव्हतीच. तो गोळ्यांचा राग होता, रक्तातून चढलेला. गोळ्या उतरल्या की राग उतरेल. चूक माझी, धाकटी मनात म्हणाली, सगळी माझी. आणि गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल करताना तिला हलकं वाटलं. आपल्यामुळे बहीण आजारी पडली हे चालेल, पण बहिणीला आपला खरोखर तिटकारा आहे हे नको.

पुढचे आठवडे तिनं डोळ्यांत तेल घालून ताईकडे पाहिलं. डॉक्टरांनी हृदय तपासलं, थोडं धावतंय म्हणाले, निवेल. निवायला लागलं. कपबशी वाजायची थांबली. ताई भात दोनदा घ्यायला लागली. रात्री घोरायला लागली, आणि पलीकडच्या खोलीत धाकटी ते घोरणं ऐकत पडून राहायची आणि खूश व्हायची. ताई आरडाओरडा करेना झाली. एकदा दूध उतू गेलं तर नुसतं पुसून मोकळी झाली. धाकटीनं हळूच आपली भांडी खालच्या फळीवर सरकवून बघितली. ताईनं पाहिलं आणि ती तिथंच राहू दिली. खोलीचा विषयही तिनं बरेच दिवस काढला नव्हता. जमलं, धाकटीला वाटलं.

तुलनेच्या अहवालावर तिनं सही केली. नवं मशीन वापरावं, जुनं बंद करावं, असं स्वतःच्या हातानं लिहिलं. साहेब म्हणाले, "मनाला लागलं का?" ती म्हणाली, "तुमच्या मशीनचं कौतुक नाही. आकड्यांचं आहे." पण म्हणताना ती हसली होती, हे सगळ्या विभागानं पाहिलं.

दीड महिन्यानं ताईचं रक्त पुन्हा तपासायचं होतं. ताई स्वतः रुग्णालयात आली. धाकटीनं तिचं रक्त काढलं, आणि या वेळी ताईनं तोंड फिरवलं नाही, सुईकडे शांतपणे बघत बसली. तेवढ्यात साहेब आले. धाकटीनं ओळख करून दिली, ही माझी थोरली बहीण, उंदीर सांभाळते ती. तिच्या तोंडून ते अभिमानानंच निघालं. साहेबांच्या लक्षात यायला क्षण लागला.

"म्हणजे तो नमुना तुमचा होता का?" ते म्हणाले. "ह्यांनी मला सांगितलंच नाही. अहो, त्या सोमवारी आम्ही दोघं त्या मशीनपुढे बघतच राहिलो होतो. बरं झालं, त्याच दिवशी गोळ्या थांबल्या. आणखी चार दिवस गेले असते तर काय सांगावं, हृदयावर यायला वेळ लागत नाही."

"हो ना," ताई म्हणाली. "बरंच झालं."

धाकटीच्या हातात ताईच्या रक्ताची नळी होती. ती तिनं रॅकमध्ये लावली, चुकीच्या घरात लावली, काढून पुन्हा लावली. तोवर ताई साहेबांना नमस्कार करून निघून गेली होती.

संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा ताई आपल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. पलंगावर दोन पिशव्या उघड्या पडल्या होत्या. रक्ताचा निकाल धाकटीच्या पर्समध्ये होता, अगदी जसा असायला हवा तसा, पण तो काढायचं तिला सुचलं नाही.

"सोमवारी कळलं तुला," ताई म्हणाली. घडी घालतच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"खात्री झाली नव्हती, ताई."

"मंगळवारी मी तुला जीभ दाखवली. बुधवारी दाखवली. तू म्हणालीस, ठीक आहे."

"एका आकड्यावरून कसं सांगणार होते? उलटं निघालं असतं तर?"

"तर चार दिवस गोळी नसती खाल्ली. काय झालं असतं?"

दाराच्या चौकटीला धरून धाकटी उभी राहिली. "मी घाबरले होते," ती म्हणाली. "तुला घाबरले होते. तू तेव्हा केवढी चिडायचीस. ताटं फेकायचीस. ते गोळ्यांमुळे होतं, ताई, तुझा दोष नव्हता, मीच—"

"गोळ्यांमुळेच होतं," ताई म्हणाली. "मलाही तेव्हा तसंच वाटायचं. वाटायचं, आपलं डोकं ठिकाणावर नाही. आई गेली म्हणून असेल, वय झालं म्हणून असेल. धाकटी काही इतकी वाईट नाही, आपणच वेड्यासारखं वागतो. म्हणून तर खोलीला हो म्हणत नव्हते. म्हटलं, रागाच्या भरात घर सोडायचं नाही. डोकं निवलं की ठरवू."

तिनं पिशवीची चेन ओढली. हात जराही थरथरला नाही.

"आता निवलंय. झोप लागते, भूक लागते. तुझा राग शोधून बघितला, सापडत नाही. आज परत येताना खोलीला हो सांगून आले."

"राग नाही तर मग राहा ना," धाकटी म्हणाली. जी जीभ दोन वर्षं रेटली नव्हती ती आता सुटली होती. "राहा, ताई. हवं तर वेगळं शिजव. पण राहा."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. धाकटीला वाटलं, आता ओरडेल, आणि तिला ते हवंही होतं.

"राग होता तोवर राहत होते," ताई म्हणाली. "रोज तुझ्याशी भांडायचं म्हणून सकाळी उठत होते. आता भांडावंसंही वाटत नाही. सरक जरा, पिशवी बाहेर ठेवायचीय."

धाकटी दारातून बाजूला झाली.